स्वच्छ बाजू

"मग तुम्ही नशीबवानच की, काकू," डॉक्टरीण म्हणाली, आणि म्हणताना तिचा चेहरा असा उजळला की जणू समोरच्या बाईला लॉटरी लागली आहे आणि ते सांगायचा मान हिला मिळाला आहे. मुकादमबाईंनी आधी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. भिंतीवर हात कसे धुवावेत याचं चित्र होतं, बोटांत बोटं अडकवलेले दोन गुलाबी हात, धड नसलेले. म्हणजे हे आपल्यालाच. विचारलं होतं तेवढ्याचीच त्यांनी सरळ उत्तरं दिली होती. लहानपणी पोटात जंत होते का? होते. किती वर्षं? कळायला लागल्यापासून शहरात कामाला लागेपर्यंत. अशक्तपणा? होता. माती खावीशी वाटायची? वाटायची, आणि खाल्लीही. मग शिंका, अंगावर गांधी, खाज, धाप, फुलांचा त्रास, मांजरांचा त्रास? नाही, नाही, उभ्या जन्मात नाही. त्या शेवटच्या 'नाही'वर हा 'नशीबवान' शब्द आला होता. शेजारच्या खुर्चीत लेक नाकाशी रुमाल धरून बसली होती, कारण या चकचकीत खोलीतही तिच्या नाकाला काहीतरी सापडलं होतं. मुकादमबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चेहऱ्यावर मात्र काही आलं नाही. इस्पितळांचे कपडे धुणाऱ्या धुलाईघरात जन्म काढलेल्या बाईच्या चेहऱ्यावर सहजासहजी काही येत नाही. चादरी उलगडताना त्यातून काय काय निघतं ते बघून चेहऱ्याची एकदाच काय ती घडी पडते, आणि ती मोडत नाही.

त्या आल्या होत्या एका 'हो'साठी. बाकीचं लेकीने परस्पर ठरवून टाकलं होतं. या इस्पितळात एक प्रयोग चालला होता: ज्यांना ॲलर्जीने हैराण केलंय अशा मोठ्या माणसांच्या अंगात मुद्दाम जंत सोडायचे. थोडेच, मोजके, प्रयोगशाळेत वाढवलेले, आकड्यासारख्या तोंडाचे. मनगटाच्या वर एक पट्टी लावायची, पट्टीवर डोळ्यांना न दिसणारी पिल्लं. ती कातडीतून आत शिरतात, रक्ताबरोबर फुप्फुसात, तिथून वर घशात, घशातून गिळली जाऊन आतड्यात, आणि तिथे आकडा रोवून बसतात. हा प्रवास डॉक्टरणीने असा सांगितला होता जसा कोणी आपल्या हुशार भाच्याचा परदेशप्रवास सांगावा. बसले की ते शरीराच्या पहारेकऱ्यांना चुचकारतात, कारण त्यांनाही जगायचं असतं. आणि पहारेकरी एकदा निवले की उगाच धुळीवर, परागांवर धावून जाणार नाहीत, अशी कल्पना. कल्पनाच, हे तिने पुन्हा पुन्हा बजावलं. आजवरच्या छोट्या प्रयोगांत फारसं हाती लागलेलं नाही, कदाचित काही उपयोग होणारही नाही. पण हे जंत जिथे पोटोपोटी आहेत तिथे दम्याचा त्रास कमी, असं काही ठिकाणी दिसलंय. घरात दुसऱ्याला लागण व्हायची भीती नाही. त्यांना वाढायला ओली माती लागते, आणि तुमच्याकडे संडास आहे. तरी नियम असा, की सोबत राहणाऱ्या एका मोठ्या माणसाने समोर बसून सगळं ऐकावं आणि हो म्हणावं. घरात मोठं माणूस एकच होतं. बाप केव्हाच दुसऱ्या संसाराला लागला होता. आणि लेकीला घाई होती. ती एका रोपवाटिकेत कामाला होती, नोकरी शोधली तीही अशी. कुंड्या भरायच्या, रोपं लावायची, आणि फुलं उमलली की डोळे सुजवून घरी बसायचं. मालकिणीने गोडीगुलाबीने सांगून टाकलं होतं की या मोसमातही अशीच सुट्ट्यांवर राहिलीस तर बाई दुसरं काहीतरी बघ. दुसरं काही बघायची लेकीची तयारी नव्हती. तिला माती हवी होती. ज्या मातीपासून तिला लांब ठेवण्यात मुकादमबाईंची उमर गेली, तीच.

विचार करायला थोडा वेळ घ्या, असं डॉक्टरीण म्हणाली, म्हणून दोघी बाहेरच्या बाकावर येऊन बसल्या. समोरून एक माणूस कपड्यांची ढकलगाडी घेऊन गेला आणि मुकादमबाईंनी सवयीने पाहिलं: मळके कपडे, आणि वरचं झाकण उघडं. कुणाला काही पडलेलं नाही. त्यांच्या धुलाईघरात हे खपलं नसतं. तिथे मधोमध भिंत आहे, भिंतीत मशीनं बसवलेली, आणि प्रत्येक मशीनला दोन दारं. रक्ताच्या, पुवाच्या, ओकारीच्या चादरी मळक्या बाजूने आत टाकायच्या. भिंतीपलीकडे, स्वच्छ बाजूला, त्याच पांढऱ्या, वाफाळत बाहेर येतात. मळक्या बाजूचं माणूस स्वच्छ बाजूला पाऊल टाकत नाही. टाकायचंच असेल तर अंगावरचं सगळं उतरवून, आंघोळ करून, दुसरे कपडे चढवून. मुकादमबाई मळक्या बाजूला लागल्या होत्या आणि हात सोलवटून घेत घेत स्वच्छ बाजूच्या मुकादम झाल्या. आणि तो नियम त्यांनी तिथे पाळला तो पाळला, घरीही उचलून आणला. दारातच बादली, खुंटी आणि एक पडदा. शाळेतून आलेली पोर पडद्यामागे कपडे उतरवणार, कोपरापर्यंत हात धुणार, मगच आत. मातीत खेळायचं नाही, मांजराला शिवायचं नाही, कुणाच्या घरचं पाणी प्यायचं नाही. दर सहा महिन्यांनी जंताचं औषध, जंत असोत नसोत. नवऱ्याने, होता तोवर, एकदा विचारलं होतं की आपण घरात राहतो का मशीनमध्ये. त्याला त्यांनी उत्तर दिलं नव्हतं. उत्तर द्यायचं तर भावापासून सुरुवात करावी लागली असती.

आणि मागच्या आठवड्यात लेक चहा ढवळता ढवळता म्हणाली होती की आई, म्हणे लहानपणी अंगाला थोडी घाण लागावी लागते, नाहीतर शरीराला काही शिकायलाच मिळत नाही. तू मला फार धुतलंस. चिडून नव्हती म्हणाली. चहात साखर कमी आहे म्हणावं तसं. पण त्या वाक्याने पिच्छा पुरवला. इस्त्रीच्या मोठ्या गरम रुळांतून चादरीमागून चादर सरकायची आणि प्रत्येक चादरीबरोबर ते वाक्य सपाट होऊन पुन्हा बाहेर यायचं: फार धुतलंस. लहानपणी थंडीतल्या एका रात्री पोरीचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता, तिला पाठीशी उशा लावून बसवून ठेवलं होतं, ती शिट्टी काय घाणीने वाजत होती की नसलेल्या घाणीने? म्हणजे माया केली तीच बाधली? कुणाला जाब विचारायचा याचा? फिनेलला? मळक्या बाजूला काम करणाऱ्या काकांना त्यांनी हे सांगून पाहिलं, तर काका म्हणाले, मुकादमबाई, मग मी तर शंभर वर्षं जगणार, मला कसलीच ॲलर्जी व्हायची नाही. सगळे हसले होते. मुकादमबाईही हसल्या होत्या आणि मग दिवसभर ज्याच्या त्याच्या अंगावर ओरडत सुटल्या होत्या.

भावाला सगळे ढेऱ्या म्हणायचे. नाव दुसरं होतं, पण ते फक्त आईच्या तोंडात होतं आणि आई दिवसभर विटा वाहायची. वीटभट्टीमागे खोल्यांची रांग होती. त्या रांगेत हातपाय काड्यांचे आणि पोट टम्म अशी पोरं बरीच होती, पण त्याचं पोट सगळ्यांत पुढे. येताजाता माणसं त्याच्या पोटावर टिचकी मारायची, काय रे ढेऱ्या, हत्ती गिळलास का. तोही हसायचा, पोट आणखी फुगवून दाखवायचा. तेवढंच एक कौतुक त्याच्या वाट्याला आलं होतं, ते त्याने मनापासून करून घेतलं. मागच्या मोकळ्या जागेत सगळी रांग सकाळी जाऊन बसायची, तिथेच दुपारी पोरं खेळायची, आणि त्याच हातांनी खायची. ताई, म्हणजे या मुकादमबाई, भट्टीतल्या कच्च्या विटांचे कोपरे कुरतडायची. ओल्या विटेचा तो गार वास अजूनही एखाद्या दुपारी स्वच्छ बाजूच्या वाफेत कुठून तरी यायचा, तोंडाला पाणी सुटायचं, आणि त्या पाण्याचीच त्यांना शिसारी यायची. शाळेतल्या बाई म्हणायच्या, ही पोरगी बसल्याबसल्या झोपते, आळशी आहे. कुणी असं म्हणालं नाही की हिचं रक्त आतून कुणीतरी पितंय. मग एका उन्हाळ्यात ढेऱ्याचं पोट दगड झालं. ओकारीतून जे बाहेर आलं ते वळवळत होतं. आईने त्याला खांद्यावर टाकलं, ताई मागून पळत, आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात एका डॉक्टरने पोट दाबून पाहून सांगितलं की जंतांचा गोळा अडकलाय, आतडं गेलंय, फार उशीर केलात, वेळेवर एक गोळी दिली असती तरी भागलं असतं. म्हणजे उशीर आईने केला, हे ठरून गेलं. ती एक गोळी कुठे मिळत होती हे मात्र कुणी सांगितलं नाही. संध्याकाळी त्याला रांगेत परत आणलं. पोट खाली गेलं नव्हतं. मेल्यावरही तो ढेऱ्याच दिसत होता. बघायला आलेल्यांपैकी एकाने, वाईट माणूस नव्हता तो, अगदी सवयीने टिचकीसाठी बोट वाकवलं, आणि मग त्याच्या लक्षात आलं, आणि ते वाकवलेलं बोट कुठे ठेवावं हे त्याला कळेना. मुकादमबाईंना भावाचा चेहरा आता नीट आठवत नाही. ते बोट आठवतं.

हे त्यांनी आत डॉक्टरणीला सांगितलं होतं, इतकं नाही, दोन वाक्यांत. तिने मान हलवली, तिला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. पण मग तिच्यातलं शिक्षण जागं झालं आणि ती म्हणाली की ते वेगळे हं काकू, ते मोठे गोल जंत, त्यांनी तर उलट धाप वाढते असंही काही ठिकाणी आढळलंय. तुमच्या पोटात होते ते बहुधा हे आमचे. हे आमचे. म्हणजे एकाच अंगणातून, एकाच मातीतून दोन प्रकारची वरात आली, एक भावाकडे गेली आणि एक बहिणीकडे, आणि बहिणीकडची वरात भल्या घरची निघाली. मुकादमबाई बाकावर बसून दात आवळत होत्या. राग कुणाचा यायला हवा तेही धड कळेना. या डॉक्टर पोरीचा येऊन उपयोग नव्हता, तिला काय ठाऊक. त्या व्हरांड्यातल्या डॉक्टरचा यावा तर तो आता कुठल्या तरी मातीत. शेवटी राग उघड्या ढकलगाडीवर, नळातून ठिबकणाऱ्या पाण्यावर, शेजारी बसून नाक शिंकरणाऱ्या लेकीवर उतरत राहिला.

"ऊठ. घरी जाऊ," त्या म्हणाल्या.

"घरी जाऊन काय करू? पडद्यामागे उभी राहू?"

"तुझ्या मामाला ज्यांनी खाल्लं त्यांना तू आवतण देऊन घरात आणणार. आणि मी हो म्हणायचं."

"मामाचे ते वेगळे. तिने सांगितलं ना."

"ती सांगेल. तिच्या पोटात होते का कधी?"

"नसणार. पाहिलं नाहीस, बिचारी दर दोन मिनिटांनी शिंकत होती."

मुकादमबाईंना हसू आलं, आणि हसू आलं म्हणून जास्तच राग आला. ही पोरगी नेहमी असंच करते; भांडणाचा ताणलेला दोर मधेच सोडून देते आणि समोरचा माणूस धपकन पडतो. लेकीने रुमालाची घडी घातली, पुन्हा मोडली. तिच्या नाकपुड्यांच्या कडा सोलून लाल झाल्या होत्या, लहानपणापासून तशाच.

"आई, माझं रक्त ना, तुझ्यावर गेलंय," ती म्हणाली. "धूळ दिसली की भांडायला उठतं. समोर कोण आहे तेही बघत नाही."

"म्हणजे मी भांडकुदळ."

"तू दमलेली आहेस. मीपण दमलेय. सकाळी डोळे उघडले की पहिलं काम श्वास घ्यायचं, ते जमलं की मग बाकीचं. कंटाळा आला मला त्या कामाचा. आणि तू फार धुतलंस म्हणाले ना मी, ते कुणालाच नक्की ठाऊक नाही गं. तिलासुद्धा नाही. मला कुणावर तरी ढकलायचं होतं. तू जवळ होतीस."

आजवर आईपणात जे बोलायचं असतं ते सगळं मुकादमबाईंना येत होतं, रागवायचं, धाक घालायचा, पाठीला हात लावून बसायचं. पण कुणी असं सरळ समोर आणून ठेवलं की त्यांची पंचाईत व्हायची. दोष काढून घेतला की हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. आठवडाभर त्या दोषाशी भांडण्यात एक आधार होता, तोही गेला. उरलं काय, तर धाप लागणारी एक तरुण बाई, जिला मातीत हात घालायचे आहेत, आणि तिच्यापुढे आडवी आलेली एक भिंत, जिला दोन दारांची मशीनं आहेत. त्या उठल्या आणि परत त्या खोलीकडे चालू लागल्या. लेक मागून आली.

डॉक्टरणीला वाटलं यांचं मन वळलंय, म्हणून तिने हौसेने त्यांना आतली खोली दाखवली. काचेचं दार, काचेच्या दारामागे जंत वाढवायचं कपाट. आत ऊब किती ठेवायची ते आकड्यांत दिसत होतं, ओल किती तेही. वीज गेली तर कपाटाला वेगळी बॅटरी. सुट्टीच्या दिवशीही कुणीतरी येऊन बघून जातं, असं ती कौतुकाने म्हणाली. मुकादमबाई बघत राहिल्या. यांना ऊब, यांना ओल, यांना सुट्टीच्या दिवशी बघायला माणूस. त्या व्हरांड्यात ढेऱ्याला निजवायला एक फाटकी सतरंजी मागितली होती आईने, तर आया म्हणाली होती की घाण लागली तर धुवायची कुणी. त्यांना ते कपाट दारासकट उचलून खाली आपटावंसं वाटलं, आणि हातांनी, गरम पाण्यात वर्षानुवर्षं उकडून राठ झालेल्या त्या हातांनी, खरंच एकदा बोटं मिटून पाहिली. सूक्ष्मदर्शकाखाली बघायचंय का, डॉक्टरणीने विचारलं, फार नाजूक दिसतात.

"नको," मुकादमबाई म्हणाल्या. "जुनी ओळख आहे."

आणि मग, त्याच दमात, त्या हो म्हणाल्या. इतक्या चटकन की डॉक्टरीण गोंधळली. मुकादमबाईंनी मात्र मनातल्या मनात सगळं मांडून टाकलं होतं. हो म्हणायचं. पट्टी लावू द्यायची. आठ-पंधरा दिवस जाऊ द्यायचे, शिरू देत, बसू देत, आकडे रोवू देत मेल्यांना. मग एक दिवस सकाळच्या चहात जंताची गोळी कुटून घालायची. लेकीला कळणार नाही, डॉक्टरणीला कळणार नाही. प्रयोग फसला म्हणतील, असे किती फसतात. पोरगी काही दिवस रुसेल. पण घर स्वच्छ राहील. हे मनात इतकं सुबक जुळून आलं की सकाळपासून पहिल्यांदा त्यांना बरं वाटलं, पांढरी चादर एका झटक्यात चौघडी व्हावी तसं.

"आई," लेक म्हणाली. तिने हात पुढे केला होता, तळवा वर. "पर्स."

"कशाला?"

"गोळ्या दे. तू पर्समध्ये ठेवतेस त्या. आणि घरी पिठाच्या डब्यामागे आहेत त्याही मी संध्याकाळी घेणार आहे."

डॉक्टरीण एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघू लागली. मुकादमबाईंच्या कानशिलापर्यंत आग आली. पकडलं गेल्याची लाज होती, पण त्याखाली आणखी काहीतरी होतं. की ही पोरगी आपल्याला इतकं ओळखते आणि ओळखूनही इथे घेऊन आली. दुसऱ्या कुणालाही आणता आलं असतं तिला. शेजारणीला सांगितलं असतं, माझ्यासोबत राहते म्हणून सांग, तर ती आनंदाने खोटं बोलली असती. मुकादमबाईंनी पर्स उघडली. गोळ्यांची पट्टी हाताला लागली, चुरगळलेली, कडा टोचणारी. ती देण्याआधी त्या डॉक्टरणीकडे वळल्या आणि त्यांनी विचारलं की हे कपाटातले तुमचे मेले तर तुम्हाला वाईट वाटेल का.

डॉक्टरीण म्हणाली, वाटेल, फार मेहनत आहे त्यामागे.

"आणि जिथे पोरांच्या पोटात हे आपसूक येतात, तिथे ही गोळी पोचते का?"

"आता पोचते बऱ्याच ठिकाणी," डॉक्टरीण म्हणाली. मग कपाटाकडे बघत म्हणाली, "सगळीकडे नाही."

"आता," मुकादमबाई म्हणाल्या. तो एकच शब्द. मग पट्टी लेकीच्या तळव्यावर ठेवली, ठेवली कसली, आपटलीच. "प्रयोग संपला की यातली गोळी मी देणार तुला. माझ्या हाताने. तुमच्या कुठल्या नर्सने नाही."

"तुझ्याच हाताने," लेक म्हणाली.

जंतांची पट्टी लावायला फार वेळ लागला नाही. कापसाच्या जाळीवर एका नळीतून पाण्याचे थेंब सोडले, ते थेंब साध्या पाण्यासारखेच दिसत होते, आणि जाळी मनगटाच्या वर, आतल्या गोऱ्या कातडीवर चिकटवली. लेक खिडकीबाहेर बघत राहिली. काहीच होत नाही, असं ती म्हणणार होती, तोंड उघडलंही होतं, तेवढ्यात तिने खांदा आक्रसला. "चावतंय," ती म्हणाली. डॉक्टरीण म्हणाली, म्हणजे शिरताहेत, चांगली खूण आहे, फक्त खाजवायचं नाही. लेकीचा दुसरा हात तिकडे निघालाच होता. मुकादमबाईंनी तो वाटेतच धरला, बाजूला ठेवला, आणि आपला तळहात त्या पट्टीवर पसरून सपाट दाबला. घासला नाही, नुसता दाबला. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. पायांच्या बोटांच्या बेचक्यात ही खाज असायची, ओल्या मातीत उभं राहून आल्यावर. रात्री दोघं भावंडं एकाच चटईवर पाय घासत पडायची, रक्त येईपर्यंत, आणि मग ताईला शोध लागला होता की खाजवलं की वाढते, दाबून धरलं की जरा थांबते. मग ती आपले पाय सोडून त्याचे पाय दाबत बसायची, कारण तो लहान होता आणि रडायचा. त्या खाजेआडून काय आत जात होतं हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

"अशी," त्या म्हणाल्या. "हलू नकोस."

तळहाताखाली काही कळत नव्हतं. पट्टीची खरखर, खाली लेकीची ऊब, आणि त्याखाली नाडी, जरा जोरात चाललेली. खाली तिथे, आत्ता, या क्षणी, ते वाट काढत होते, आणि त्यांच्या पाठीवर आपलाच हात होता. मुकादमबाईंचे ओठ हलू लागले. भट्टीमागच्या रांगेत बायका नळावर एकमेकींना ज्या शिव्या द्यायच्या त्या, कितीतरी वर्षं तोंडात न आलेल्या, एकामागून एक, आवाज न करता, एकही न गाळता. डॉक्टरीण हातमोजे काढता काढता थांबली आणि मग तिने तोंड दुसरीकडे वळवलं.

"काय पुटपुटतेस?" लेकीने विचारलं.

"काही नाही. त्यांना सांगतेय."

"काय सांगतेस?"

"की मी इथेच बसलेय म्हणून."

लेक हसली, हसता हसता तिला शिंक आली, मग आणखी एक, सबंध अंग हललं. मुकादमबाईंचा हात जागचा हलला नाही.